गौरीच्या दिवसाची टीम

शैला घाडी यांनी गेल्या वर्षी अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी नाहूरच्या नवतारा स्पोर्ट्स क्लबचं मॅनेजरपद सोडलं. त्या पदावर त्या अकरा मोसम होत्या. राजीनामा लेखी नव्हता. खेळाडूंची नोंदणीकार्डं ठेवायची निळी पिशवी त्यांनी कमिटीच्या टेबलावर ठेवली, “पंचवीस आहेत, बघून घ्या,” म्हणाल्या आणि घरी गेल्या. मीटिंग त्यानंतरही पाऊण तास चालली.

मी त्या खोलीत नव्हतो. तिथे असलेल्या तिघांनी मला ही हकिगत वेगवेगळी सांगितली. पिशवी, आकडा आणि वाक्य याबाबत तिघांचं एकमत आहे.

मी त्यांच्या समोरच्या इमारतीत राहतो आणि बरीच वर्षं एका दैनिकाच्या उपनगर पानावर काम केलं. त्या पानाच्या तळाशी स्थानिक सामन्यांचे निकाल चार ओळींत छापले जात. नवताराचा निकाल शैला घाडी फोनवरून सांगत. हरल्या तरी सांगत. बाकीचे क्लब फक्त जिंकल्यावर फोन करायचे.

एकदा आम्ही ओंकार परबच्या नावावर गोल छापला. ओंकार हा नवताराचा स्ट्रायकर, भांडुपचा, क्लबचा सर्वांत चांगला खेळाडू. सकाळी सातला फोन आला.

“तो गोल ओंकारचा नाही. त्यांच्या बॅकच्या गुडघ्याला लागून आत गेला. स्वयंगोल लिहा.”

“ताई, कोणी तक्रार केलेली नाही. आणि पोरगा तुमचाच आहे.”

“म्हणूनच मी फोन केला. दुसरं कोण करणार?”

दुरुस्ती दुसऱ्या दिवशी दोन ओळींत आली. ओंकार आठवडाभर त्यांच्याशी बोलला नाही. त्यांनी त्याला पुढच्या सामन्यात पूर्ण नव्वद मिनिटं खेळवलं. तो न बोलताच खेळला आणि दोन गोल केले. ते दोन्ही त्याचेच होते.

टीव्हीवर दिसणारा कोटवाला मॅनेजर वेगळा. आमच्याकडे मॅनेजर म्हणजे खेळाडूंची कार्डं सांभाळणारा, मैदानाची वेळ पक्की करणारा, पंचांना यादी देणारा, बर्फ आणणारा, जर्सी धुवायला टाकणारा आणि एवढं झाल्यावर वेळ उरला तर टीम लावणारा माणूस. नवताराला वेगळा कोच कधीच नव्हता. पंच त्यांना मॅडम म्हणत, खेळाडू ताई, आणि प्रतिस्पर्धी क्लबांतले जुने लोक घाडीबाई.

त्या स्वतः लेफ्ट बॅक होत्या. वडील परळच्या गिरणीत होते, घर भांडुपच्या चाळीत. शाळेच्या पी.टी.च्या बाईंना आंतरशालेय स्पर्धेसाठी अकरा मुली हव्या होत्या आणि दहा मिळाल्या होत्या. डावी बाजू कोणालाच नको होती, म्हणून ती यांना मिळाली. पाय उजवा होता. डाव्या पायाने चेंडू मारायला त्या चाळीच्या संडासाच्या मागच्या भिंतीवर शिकल्या. पुढे उपनगर जिल्ह्याकडून आठ वर्षं खेळल्या. महाराष्ट्राच्या संघात दोनदा निवड झाली. दोन्ही वेळा राखीव. दोन्ही स्पर्धांत मिळून मैदानावर एक मिनिटही उतरल्या नाहीत. क्लबच्या स्मरणिकेत त्यांच्या नावापुढे ‘महाराष्ट्राकडून दोन राष्ट्रीय स्पर्धा खेळल्या’ असं छापायचं ठरलं, तेव्हा त्यांनी मजकूर पेनने बदलला.

“गेले होते. खेळले नाही. दोन वेगळ्या गोष्टी आहेत,” असं त्या छापखान्यातल्या माणसाला म्हणाल्या.

गुडघा गेल्यावर खेळ थांबला. तोवर त्या मुलुंडला एका औषध कंपनीत पॅकिंग विभागात लागल्या होत्या. शिफ्ट सुपरवायझर म्हणून निवृत्तीच्या जवळ आल्या आहेत. नवतारातल्या त्यांच्या कामाचं मूळ या पॅकिंग विभागात आहे, क्लबात नाही.

पॅकिंगच्या दालनात शिरताना हात दाखवावे लागतात. नखं वाढलेली नकोत, अंगठी नको, मनगटावर धागा नको. शैला घाडी सामन्याआधी हेच करत. अकरा खेळाडू आणि राखीव एका रांगेत, हात पुढे, तळवे खाली. श्रावणात अर्ध्या मनगटांवर राख्या असत. त्या कात्रीने न कापता गाठ सोडवून काढत आणि ज्याची त्याच्या बुटाच्या पिशवीत ठेवत. एकदा इम्रानच्या बोटातली साखरपुड्याची अंगठी निघेना. इम्रान शेख हा सोनापूरचा, मधल्या फळीतला. नळाखाली साबण लावून वीस मिनिटं खटपट चालली.

“ताई, राहू दे ना. पट्टी लावतो.”

“पट्टीखाली अंगठीच असते.”

“ही निघाली तर सासरे म्हणतील पोरगा पळाला.”

“मग सासऱ्यांना मॅचला बोलव. इथेच दिसशील.”

अंगठी निघाली. सासरे खरंच आले होते. त्यांनी ती पूर्ण सामनाभर मुठीत धरली होती, असं इम्रान सांगतो.

सामना चालू असताना त्या बाकावर बसत नसत. आपल्या बाजूच्या डाव्या कॉर्नरच्या झेंड्याजवळ उभ्या राहत, मध्यंतराला बाजू बदलली की चालत दुसऱ्या टोकाला जात. पायात कारखान्यातले काळे बूट, डोक्यावर छत्री. ओरडत नसत. लेफ्ट बॅक जवळून गेला तर “आत” किंवा “थांब” एवढंच. नवताराचे लेफ्ट बॅक म्हणत की या दोन शब्दांत ताईंनी त्यांना अख्खा फुटबॉल शिकवला. स्ट्रायकर म्हणत की आम्हाला तर काहीच शिकवलं नाही.

त्या मॅनेजर कशा झाल्या ते सांगायला हवं, कारण गेल्या वर्षीची गोष्ट तिथूनच येते.

नवताराचे निम्मे खेळाडू कोकणातले. कणकवली, देवगड, राजापूर, गुहागर. गणपतीला हे सगळे गावी जातात, आणि जाऊ नका असं सांगणारा माणूस भांडुप-नाहूरमध्ये जन्मलेला नाही. बारा-तेरा वर्षांपूर्वी नवतारा पहिल्या गटात होता आणि पाच दिवसांचे गणपती विसर्जन झाल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचा सामना लागला. तेव्हाचे मॅनेजर अण्णा साटम. गोड माणूस. त्यांचा हिशेब सरळ होता. पोरं विसर्जन करून रात्रीच्या बसला बसतील, सकाळी सहाला नाहूर, साडेसातला मैदान. कोकणातल्या प्रत्येक माणसाचा हा हिशेब असतो आणि प्रत्येकाला ठाऊक असतं की तो कधीच जुळत नाही.

सकाळी साडेसातला मैदानावर सात खेळाडू होते. सातांनी सामना सुरू करता येतो, सहांनी चालू ठेवता येत नाही. शैला घाडी त्या दिवशी प्रथमोपचाराची पेटी घेऊन आल्या होत्या. क्लबचा मुलींचा संघ बंद पडल्यापासून त्यांच्याकडे तेवढंच काम होतं. अण्णा फोनवर होते.

“माणगाव सोडलं म्हणतायत.”

दहा मिनिटांनी, “हां, माणगावातच आहेत. पण सुटतायत.”

चाळिसाव्या मिनिटाला एका मुलाचा घोटा मुरगळला. शैला घाडींनी तो बांधला. पंचांनी विचारलं, उभा राहील का? मुलगा हो म्हणाला. त्या नाही म्हणाल्या. सहा उरले, सामना थांबला, गुण गेले. त्या गुणांनी नवतारा दुसऱ्या गटात घसरला. बस पोचली तेव्हा माळी गोलच्या जाळ्या उतरवत होता.

कमिटीत त्या दिवशी रस्त्याला, सरकारला आणि बसवाल्याला शिव्या बसल्या. शैला घाडी शेवटी बोलल्या.

“आमच्या कारखान्यात पण कोकणातलीच माणसं आहेत. गणपतीत पॅकिंगची लाइन बंद पडत नाही.”

“मग तूच कर मॅनेजरी,” सुर्वे म्हणाले. सुर्वे तेव्हाही क्लबचे सेक्रेटरी होते, आजही आहेत.

“करते,” त्या म्हणाल्या.

पुढच्या जूनमध्ये क्लबच्या भिंतीवर पुठ्ठ्याचा एक तक्ता लागला. कारखान्यातल्या रजेच्या तक्त्यासारखाच. डावीकडे नावं, वर तिथी. प्रत्येकाने स्वतःच्या हाताने लिहायचं: जाणार की नाही, दीड दिवस, पाच दिवस की अनंत चतुर्दशीपर्यंत. आणि परतीची वेळ. एकाने ‘रात्री नऊला कणकवलीहून’ असं लिहिलं.

“सुटायची वेळ नको. पोचायची लिही.”

“ताई, पोचायची कोणाला माहीत?”

“मग दुसऱ्या दिवसाची लिही.”

गावी गेला म्हणून कोणाला त्यांनी बाहेर बसवलं नाही. कोणाला थांब म्हटलं नाही. फक्त जे जाणार नाहीत त्यांची त्या वेगळी टीम करत आणि जून-जुलैच्या पावसात त्यांचा वेगळा सराव घेत. आधी या टीमला माणसं पुरत नव्हती. मग त्या ती शोधू लागल्या. कांजूरमार्गचे ख्रिश्चन, सोनापूरचे मुसलमान, मुलुंडचे गुजराती, एक मल्याळी गोलकीपर. निवडीच्या दिवशी त्या खेळ नंतर बघत, आधी एक प्रश्न विचारत. डॅरिल नावाचा सहा फुटी बॅक पहिल्यांदा आला तेव्हाचा संवाद क्लबात अजून सांगतात.

“तुमच्याकडे गणपती किती दिवसांचा?”

“आंटी, मी कॅथलिक आहे.”

“घेतला. नाताळचं काय ते तक्त्यावर लिही. आणि आंटी नको म्हणूस.”

या मुलांना त्या दर जूनमध्ये एकच गोष्ट सांगत: गणपतीच्या पंधरवड्यात जो सामना येईल तो तुमचा. बहुतेक वर्षी तो सामना फुटकळ असे. तळाच्या कोणत्या तरी क्लबाशी, कोणाला काही फरक न पडणारा. मुलं तो खेळत, कधी जिंकत, आणि गाववाले परतले की पुन्हा राखीव बाकावर बसत. जिग्नेश गाला असा पाच वर्षं बसला. मुलुंडचा, वडिलांचं स्टेशनरीचं दुकान, लेफ्ट बॅक. वेगाने कमी, पण सरावाला एकदाही न चुकलेला. मोसमाला एक सामना मिळायचा.

घरातल्या गणपतीचं त्यांनी काय केलं, असं लोक विचारतात. घाडींचा गणपती गावी धाकट्या दिराकडे असतो. पती विलास टेम्पो चालवतात, ते जातात. या मॅनेजर झाल्यापासून गौरीला गेलेल्या नाहीत. सासूबाईंचा फोन दर वर्षी येतो. विलास यांनी तो मला नक्कल करून सांगितला.

“तुझो फुटबॉल गवरीपेक्षा मोठो काय गो?”

“मोठो नाय, आई. पण वेळेर आसता.”

विलास यांच्या मते सासूबाई यावर दर वर्षी हसतात आणि दर वर्षी पुन्हा विचारतात.

गेल्या वर्षी नवतारा दुसऱ्या गटात वरच्या दोनांत होता. मोसम पावसाच्या आधी संपायला हवा होता. दर वर्षीसारखंच मैदान मिळालं नाही, सामने गणपतीपर्यंत लांबत गेले. शेवटचा सामना दहिसरच्या नदीकाठ क्रीडा मंडळाशी होता. जिंकेल तो पहिल्या गटात जाणार. बरोबरी झाली तरी नवतारा जाणार, कारण त्यांचे गोल जास्त होते. सामना ऑगस्टमधल्या एका रविवारी ठरला. मैदानात घोटाभर पाणी साचलं आणि तो रद्द झाला. संघटनेने नवी तारीख दिली. तक्त्यावर त्या तारखेच्या वर शैला घाडींच्या अक्षरात लिहिलेलं होतं: गौरी आवाहन.

तक्त्याप्रमाणे त्या दिवशी नवताराचे तेरा खेळाडू गावी असणार होते. ओंकार त्यांत होता. मेमध्ये त्याचं लग्न झालं होतं आणि बायकोचा पहिला ओवसा होता. कोकणात नव्या सुनेने गौरीपुढे सूप ओवाळायचं असतं. तो दिवस चुकवत नाहीत. मुंबईत उरत होते बारा.

नियम असा की दोन्ही क्लबांनी मिळून पत्र दिलं तर संघटना तारीख बदलते. गणपतीच्या दोन दिवस आधी नदीकाठचे मॅनेजर वसंत पेडणेकर यांचा फोन आला. पेडणेकर साठीचे, मोठ्या आवाजाचे, चाळीस वर्षं त्याच एका क्लबात. शैला घाडी क्लबच्या खोलीत जर्सींना नंबर शिवत होत्या, म्हणून फोन स्पीकरवर होता. जिग्नेश सुईत दोरा ओवून देत होता. त्याने ऐकलं ते असं:

“घाडीबाई, माझी चौदा पोरं गावी चाललीत.”

“माझी तेरा.”

“मग झालं तर! दोघं मिळून पत्र देऊ. पंधरा दिवसांनी खेळू, फुल टीम घेऊन. झकास मॅच होईल.”

“माझ्याकडे बारा आहेत.”

“बारा कसले? राखीव ना?”

“टीम आहे.”

“बाई, ओंकारशिवाय तुम्ही आम्हाला हरवणार?”

“माहीत नाही.”

“मग हट्ट कशाला?”

“हट्ट नाही. तारीख आहे. खेळूया ना.”

ही बातमी तासाभरात मोबाइलवरून कोकणात पोचली. रात्रीच ओंकारचा फोन आला. तोही जिग्नेशने ऐकला, कारण जर्सी अजून संपल्या नव्हत्या.

“ताई, पत्र द्या ना यार. मी काय इथे मजा मारायला आलोय?”

“नाही. तुला जायलाच हवं होतं.”

“मग एवढी मोठी मॅच माझ्याशिवाय? बारा वर्षं थांबलाय क्लब.”

“त्या पोरांना मी जूनमध्ये सांगितलंय, या पंधरवड्यात येईल ती मॅच तुमची. आता ती मोठी निघाली म्हणून काढून घेऊ?”

“हरलो तर?”

“तर हरलो.”

“वाट लागेल, ताई. कमिटी सोडणार नाही तुम्हाला.”

“ते माझ्यावर सोड. ओवसा नीट कर.”

दुसऱ्या दिवशी सुर्वे घरी आले. ते दोन तास बसले, दोनदा चहा झाला. शेवटी ते विलास यांना म्हणाले, “तू तरी सांग हिला.” विलास म्हणाले, “मी टेम्पो चालवतो. क्लब ती चालवते.” पत्र गेलं नाही.

गौरी आल्या त्या दिवशी दुपारी तीनला सामना सुरू झाला. हात तपासून झाले. नवताराचे बारा, अकरा आत आणि एक बाहेर. नदीकाठचे नऊ. पेडणेकर कुंपणापाशी फोन कानाला लावून उभे होते. त्यांची पाच पोरं सकाळी पूजा आटोपून एका गाडीने निघाली होती.

“वडखळ मागे पडलं,” ते म्हणाले. कोणी विचारलं नव्हतं.

मी तो सामना पाहिला. पहिला अर्धा वेळ नवताराचा होता. अकरा विरुद्ध नऊ. पण फक्त संख्येमुळे नाही. तीन महिने एकत्र सराव केलेली टीम होती आणि ते दिसत होतं. डॅरिलने एकही उंच चेंडू सोडला नाही. पस्तिसाव्या मिनिटाला इम्रानने पंचवीस यार्डांवरून गोल केला. जिग्नेश डाव्या कडेला होता आणि झेंड्यापासून दोनदाच “आत” ऐकू आलं.

मध्यंतराला नदीकाठची गाडी आली. पाच जण उतरले. त्यांतले दोन गाडीतच जर्सी घालून बसले होते. एकाच्या कपाळावर अजून कुंकू होतं. यादीत त्यांची नावं आधीच दिलेली होती. नऊचे अकरा झाले.

सुर्वे शैला घाडींकडे धावत गेले. “शैला, हरकत घे. कार्डं तपासायला लाव. दहा-पंधरा मिनिटं जातील, थंड पडतील पोरं.”

“मी बघितली कार्डं. बरोबर आहेत.”

“अगं, पण पंचांनी बघू दे ना!”

“कशाला?” त्या म्हणाल्या आणि छत्री उघडून मैदानाच्या दुसऱ्या टोकाला चालत गेल्या.

साठाव्या मिनिटाला नदीकाठने बरोबरी केली. ती बरोबरीही नवताराला पुरणार होती. पुढची पंचवीस मिनिटं नवताराने ती राखली. शहाऐंशीव्या मिनिटाला नदीकाठचा ताज्या पायांचा विंगर, कपाळावर कुंकू असलेला, जिग्नेशच्या बाहेरून निघून गेला. जिग्नेश त्याच्या मागे धावला आणि पोचला नाही. क्रॉस, डोकं, गोल. दोन-एक.

शिट्टी झाल्यावर पेडणेकरांची पोरं नाचली. पेडणेकर नाचले नाहीत. ते शैला घाडींजवळ आले आणि म्हणाले, “बाई, तुम्ही हरकत घेतली नाहीत.”

“घेण्यासारखं काही नव्हतं.”

जिग्नेश बाकाच्या मागे गवतावर बसला होता. शैला घाडी तिथे गेल्या. त्या काय म्हणाल्या ते मी ऐकलं, कारण मी निकालाचा तपशील लिहून घ्यायला गेलो होतो.

“त्याला बाहेरून जाऊ द्यायचं नव्हतं.”

“हो, ताई.”

“पंच्याऐंशी मिनिटं जाऊ दिलं नाहीस. ऊठ, पाय ताण.”

मग त्यांनी मला निकाल नेहमीप्रमाणे सांगितला. गोल करणाऱ्यांची नावं, मिनिटं, दोन्ही बाजूंची. नदीकाठच्या विंगरच्या नावाचं स्पेलिंग त्यांनी पेडणेकरांना विचारून दिलं.

अनंत चतुर्दशीनंतरच्या मीटिंगला गाववाले परतले होते. खोली भरली होती. सुर्वे उभं राहून बोलले.

“बारा पोरांपायी अख्खा क्लब खाली ठेवलास तू. एक सही करायची होती. एक!”

“सही केली असती तर पावसात धावलेली पोरं बाकावर बसली असती आणि ओंकार खेळला असता.”

“मग? तो चांगला खेळतो!”

“खेळतोच. म्हणून तो वर्षभर खेळतो.”

ओंकार भिंतीला टेकून उभा होता. तो म्हणाला, “ताई, मला वाईट एवढंच वाटतं, की तुम्ही मला विचारलंसुद्धा नाही.”

“तुला विचारलं असतं तर त्या बारांनाही विचारायला हवं होतं. ते काय म्हणाले असते?”

सुर्व्यांनी ठराव मांडला की यापुढे तारखेचा निर्णय कमिटी घेईल, मॅनेजर नाही. हात वर झाले. बारांपैकी कोणी कमिटीत नव्हता. ठराव मंजूर झाल्यावर शैला घाडींनी पिशवी टेबलावर ठेवली.

त्यानंतर महिनाभर त्या मैदानावर दिसल्या नाहीत. संध्याकाळी इमारतीखाली चालत, गुडघ्यासाठी डॉक्टरांनी सांगितलेल्या फेऱ्या मोजत. मी एकदा विचारलं, चुकलं असं वाटतं का? माझ्या प्रश्नाचा रोख त्यांना आवडला नाही.

“काय चुकलं? गोल खाल्ला ते चुकलं. बाकी काय?”

“पत्र दिलं असतं तर आज क्लब वर असता.”

“असेल. किंवा ओंकारने पेनल्टी बाहेर मारली असती. न खेळलेल्या मॅचचा स्कोअर मी सांगत नाही.”

मला हे कळतं, मी हाच धंदा केला. पुढचं विचारलं नाही.

दिवाळीनंतर वसंत पेडणेकर नाहूरला आले. सोबत नदीकाठचे अध्यक्ष होते आणि मिठाईचा खोका. विलास यांनी सांगितलं त्यानुसार पेडणेकर सोफ्यावर बसले नाहीत, उभ्यानेच बोलले.

“बाई, आम्ही वर गेलो ते गाडी वडखळला अडकली नाही म्हणून. वरच्या गटात गाडीवर भरवसा ठेवून चालणार नाही. तुम्ही या. टीम तुम्ही लावा, मी बॉल उचलीन.”

“तुमचा गुडघा धड आहे?”

“एकदम.”

“मग चालेल. पण तारखेचं पत्र द्यायचं की नाही ते मी ठरवणार. हे आधी कमिटीत लिहून घ्या.”

अध्यक्षांनी तिथेच, मिठाईच्या खोक्याच्या पाठीवर, लिहून सही केली. विलास यांनी तो पुठ्ठा कापून ठेवला आहे. मी तो पाहिला.

नवताराचं मॅनेजरपद ओंकार परबने घेतलं. पहिल्याच आठवड्यात तो शैला घाडींकडे गेला आणि दोन तास बसला. काय बोलणं झालं ते दोघांपैकी कोणी सांगितलं नाही. जाताना जिन्यात तो मला भेटला. “एवढं काम असतं माहीत असतं तर मी वाद घातला नसता,” म्हणाला आणि हसला.

बदलीची मुदत संपली तेव्हा नवताराच्या तिघांनी क्लब बदलण्याचे अर्ज दिले होते. ओंकारने तिन्हींवर सही केली. सुर्व्यांनी त्याला थांबवायचा प्रयत्न केला असं म्हणतात. त्याला दुजोरा मिळालेला नाही.

जानेवारीतल्या एका रविवारी पहिल्या गटातला नदीकाठचा पहिला सामना झाला. मी गेलो होतो. पेडणेकर चेंडूंची जाळी खांद्यावर टाकून पुढे चालत होते आणि वाटेत भेटेल त्याला, “मॅनेजर मागून येतायत,” असं सांगत होते. शैला घाडींनी पंचांकडे यादी दिली. पंचांनी ती वाचली आणि एका नावावर बोट ठेवलं.

“मॅडम, हा तोच ना? गेल्या वेळी...”

“तोच,” त्या म्हणाल्या.

सामना एक-एक असा बरोबरीत सुटला. नदीकाठच्या अकरांत इम्रान शेख आणि डॅरिल होते. लेफ्ट बॅकला जिग्नेश गाला खेळला, पूर्ण नव्वद मिनिटं.